मुरलेल्या व्हिस्कीत दुसरी दारू घातली तर ती अस्सल राहते का?

प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापुरात राहतो. घरी १२ वर्षांची स्कॉटिश सिंगल माल्ट आहे. तुरट लागते, घशाला झोंबते. एक मित्र म्हणतो, बाटलीत थोडी रम नाहीतर ब्रँडी टाक, मऊ पडेल. दुसरा म्हणतो, मग ती अस्सल राहिलीच नाही. वर असंही ऐकवतो की आपल्या देशी व्हिस्क्या मळीच्या स्पिरिटवर होतात, म्हणजे सगळ्या नकलीच. खरं काय मानायचं?"

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बाटलीवरचं नाव खरं राहतं का, हा एक. तिच्यावर लिहिलेलं वय खरं राहतं का, हा दुसरा. आणि चवीचं काय होतं, हा तिसरा. पहिल्या दोघांची उत्तरं ठाम आहेत. तिसऱ्याचं उत्तर तुम्ही काय घालता, किती घालता आणि कशात घालता यावर आहे. तुमचे दोन्ही मित्र या तिन्हींची एकच भाजी करून भांडताहेत.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. ते एका म्हशीचं दूध. डेअरीच्या पिशवीत शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र येतं, त्याचं फॅट ठरलेल्या आकड्यावर आणलेलं असतं. दोन्ही दूधच, आणि पिशवीतल्याला कोणी नकली म्हणत नाही. पण पिशवीवर 'एका म्हशीचं, आत्ता काढलेलं' असं छापलं तर ती लबाडी. व्हिस्कीतही एका पिंपाची, एका भट्टीची, अनेक भट्ट्यांची असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळं नाव आहे. मिसळणं हा या धंद्याचा कणा आहे. मिसळून नाव तेच ठेवणं हा गुन्हा. (व्हिस्कीत पाणी घालणं मात्र पूर्ण कायदेशीर आहे. हे गवळ्यांच्या कानावर घालू नका.)

आता नावाचं. स्कॉचचा सध्याचा कायदा २००९ चा. स्पिरिट धान्यापासूनचं हवं, स्कॉटलंडमध्येच गाळलेलं हवं, गाळताना तीव्रता ९४.८ टक्क्यांच्या खाली हवी, म्हणजे धान्याचा वास-चव त्यात शिल्लक राहते. मग ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं मुरायला हवं. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. आणि वरून घालायला परवानगी फक्त दोन गोष्टींना: पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल. तिसरं काहीही घातलं, मग ती १०० वर्षांची उत्तम कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) का असेना, ते द्रव्य 'स्कॉच व्हिस्की' राहत नाही. इथे चमचाभर आणि बादलीभर यात कायदा फरक करत नाही.

चमच्याचा हा मुद्दा या धंद्यात शब्दशः वापरतात. एखाद्या डिस्टिलरीला पिंपं दुसऱ्याला विकायची असतात, पण आपलं नाव त्याने बाटलीवर लावू नये असंही वाटतं. मग त्या पिंपात दुसऱ्या भट्टीची माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) अगदी थोडी ओततात. याला 'टीस्पूनिंग' म्हणतात. २५० लिटरच्या पिंपात ५ मिली म्हणजे ०.००२ टक्के. जगातल्या कुठल्याही नाकाला ते कळणार नाही, पण 'सिंगल माल्ट', म्हणजे एकाच भट्टीची माल्ट, हे नाव तिथेच गेलं. ती 'ब्लेंडेड माल्ट' झाली. ग्लेनफिडिक आणि बालवेनी या एकाच घरच्या शेजारी-शेजारी भट्ट्या आहेत. बालवेनीत ग्लेनफिडिकचा थेंब पडला की पिंप 'बर्नसाइड' नावाने जातं, उलट झालं की 'वॉर्डहेड'. चव काडीइतकी बदललेली नसते आणि नाव मात्र पूर्ण बदललेलं असतं. नाव आणि चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून चांगलं कशाने पटणार?

'खरी व्हिस्की कुठली' हे भांडणही नवं नाही. एनियस कॉफीने १८३० मध्ये सतत चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं आणि स्वस्त, हलकं ग्रेन स्पिरिट (मका-गव्हासारख्या धान्याचं) मुबलक निघायला लागलं. माल्टवाले म्हणाले, ही व्हिस्कीच नव्हे. लंडनच्या इस्लिंग्टन भागात १९०५ मध्ये दुकानदारांवर खटले झाले, की हे लोक ग्रेन स्पिरिट व्हिस्की म्हणून विकतात. १९०८ मध्ये रॉयल कमिशन बसलं आणि १९०९ मध्ये त्याने निकाल दिला की ग्रेनही व्हिस्कीच. आज जगात खपणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये निम्म्याहून जास्त ग्रेन व्हिस्की असते. म्हणजे आज ज्याला आपण डोळे झाकून अस्सल म्हणतो, तेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोर्टात भेसळ म्हणून उभं होतं. फक्त एक गोष्ट विसरू नका: ब्लेंडमधलं ते ग्रेनसुद्धा किमान ३ वर्षं पिंपात मुरलेलं असतं. हा फरक पुढे लागणार आहे.

देश बदलला की नियम बदलतो. कॅनडात 'कॅनेडियन व्हिस्की' हे नाव ठेवून अकराव्या हिश्शापर्यंत, म्हणजे ९.०९ टक्के, दुसरं किमान २ वर्षं मुरलेलं स्पिरिट किंवा वाइन घालता येते. अल्बर्टा राय डार्क बॅच ही तर ९१ टक्के राय (राय धान्याची व्हिस्की), ८ टक्के बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि १ टक्का शेरी (स्पॅनिश वाइन) असं उघड सांगून विकतात, आणि ती चांगली व्हिस्की आहे. अमेरिकेत 'स्ट्रेट बर्बन' म्हटलं तर पाणी सोडून काहीच चालत नाही, कॅरॅमलसुद्धा नाही. पण त्याच अमेरिकेत 'ब्लेंडेड व्हिस्की' या नावाखाली फक्त २० टक्के स्ट्रेट व्हिस्की आणि बाकी न्यूट्रल, म्हणजे जवळपास बिनचवीचं, स्पिरिट चालतं. जपानचे नियम तर फार सैल होते. तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये स्वतःच निकष ठरवले, आणि ३१ मार्च २०२४ नंतर सदस्यांना 'जपानी व्हिस्की' म्हणायला जपानमध्ये गाळून ३ वर्षं मुरवणं भाग पडलं. तेव्हा 'व्हिस्कीत दुसरं घातलं तर अस्सल का' या प्रश्नाला एकच जागतिक उत्तर नाही. बाटलीवर कुठलं नाव आहे, हे आधी विचारायचं.

आता आपल्याकडचं, कारण तुमच्या दुसऱ्या मित्राचा खरा राग इथे आहे. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याचे नियम २०१८ चे, १ एप्रिल २०१९ पासून लागू. त्यात व्हिस्कीसाठी शेतमालापासूनचं न्यूट्रल स्पिरिट चालतं. ऊसही शेतमालच. म्हणून मळीच्या ईएनएवर (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, त्याबद्दल पुढे) माल्ट स्पिरिट, रंग आणि सुवास घालून केलेल्या बाटलीवर 'व्हिस्की' छापणं इथे कायदेशीर आहे. तीच बाटली युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथे धान्य आणि ३ वर्षांचं मुरणं ही अट आहे. मात्र 'सिंगल माल्ट' या शब्दाला आपल्या नियमांतही अर्थ आहे: फक्त माल्ट केलेली बार्ली, पॉट स्टिल (एका वेळी एकच घाण काढणारी हंड्यासारखी भट्टी) आणि एकच डिस्टिलरी. बंगळूरची अमृत २००४ मध्ये ग्लासगोत जाऊन विकायला लागली ती अशाच माल्टच्या बळावर. तेव्हा 'देशी म्हणजे नकली' हे सरसकट विधान चूक आहे. स्वस्त देशी व्हिस्कीचा बराच भाग वासाने सजवलेलं स्पिरिट असतो, इतकं म्हटलं तर मान्य.

मळीची गंमत आपल्या भागाला सांगायला नको. ऊस गाळला, साखर काढली, खाली उरली ती मळी. ती आंबवली आणि अनेक स्तंभांतून वर चढवली की ९६ टक्क्यांचं एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल मिळतं. नावातच सगळं आलं: न्यूट्रल. चांगल्या ईएनएची कसोटीच ही की त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसावं. प्रयोगशाळेत त्यात पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकून गुलाबी रंग किती वेळ टिकतो ते बघतात. अर्धा तास टिकला तर स्पिरिट स्वच्छ. दहा मिनिटांत पिवळं-तपकिरी पडलं तर आत अल्डिहाइडसारखा कचरा राहिलाय, आणि तो दुसऱ्या दिवशी डोक्याला कळतो. मळीच्या ईएनएला पाणी घालून हलकं केलं की सरावलेल्या नाकाला किंचित गोडसर, कधी गंधकाकडे झुकणारा वास येतो. तांदळाच्या कण्या किंवा मक्याच्या ईएनएला तो कमी. हे दोन्ही व्होडकासाठी उत्तम.

मुरलेल्या व्हिस्कीत ते घातलं की काय होतं? मी ईएनएला चढणारं पाणी म्हणतो. नशा वाढते, आकारमान वाढतं, आणि चवीच्या बाबतीत पाण्यानेच काम केलेलं असतं. व्हिस्कीची चव म्हणजे एका लिटरात काही ग्रॅम इतकाच ऐवज: एस्टर, वरचे (इथेनॉलपेक्षा जड) अल्कोहोल, ओकमधून उतरलेलं व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड, टॅनिन, पीट (दलदलीतलं वाळवलेलं इंधन) जाळलेलं असेल तर धुराचे फिनॉल. ईएनएमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं. १० टक्के ईएनए घातलं तर हा ऐवज १० टक्क्यांनी पातळ होतो. पण नाकाला तो सारखा पातळ झाल्यासारखा वाटत नाही. फळांचे, फुलांचे नाजूक एस्टर आधीच नाकाच्या उंबरठ्यावर उभे असतात, ते आधी गायब होतात. धूर आणि लाकूड टिकून राहतात. म्हणून ईएनए मिसळलेली चांगली माल्ट पहिल्या घोटाला दमदार वाटते आणि मध्येच तिचं जोत्याखालचं काही सरकल्यासारखं होतं. सुरुवात असते, शेवट असतो, मधलं पोट नसतं. बनावट 'प्रीमियम' बाटली मी आधी याच पोकळीवरून ओळखतो, वासावरून नंतर.

एक हिशेब दाखवतो, कारण इथे नवशिके हमखास चुकतात. ९६ टक्क्यांचं १०० लिटर ईएनए आपल्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांवर आणायचं तर शेवटी २२४ लिटर व्हायला हवं. म्हणजे १२४ लिटर पाणी? नाही, सुमारे १३१ लिटर लागतं. अल्कोहोल आणि पाणी एकमेकांत शिरून आकसतात, जवळपास ७ लिटर 'हरवतात'. मिसळताना मिश्रण गरमही होतं, त्यामुळे लगेच हायड्रोमीटर (तीव्रता मोजायची तरंगती नळी) टाकला तर आकडा चुकतो. २० अंशांवर येऊ द्यायचं, मग मोजायचं. पाणी डीएम (क्षार काढलेलं) किंवा चांगलं आरओ हवं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम काही आठवड्यांनी पांढऱ्या कणांच्या रूपाने बाटलीच्या तळाशी बसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे.

असं सगळं असूनही कंपन्या ईएनए का घालतात? पैसा, आणि हवामान. आयात स्कॉचवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. शुल्क भरून आणलेली माल्ट सगळी एकटी बाटलीत भरणं परवडत नाही, म्हणून ती थोडी घालून 'स्कॉचमिश्रित' असं लेबल लावतात. आणि इथेच मुरवायचं म्हटलं तर उष्णता आडवी येते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं. बंगळूर-गोव्याकडे १० टक्के धरा. २०० लिटरच्या पिंपात ५ वर्षांनी आपल्याकडे ११८ लिटर उरतात, १२ वर्षांनी ५६. स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनी १५७ असतात. उलट बाजू अशी की उष्णतेमुळे लाकूड भराभर उतरतं, त्यामुळे आपली ५ वर्षांची माल्ट रंगाने, जडपणाने तिकडच्या दुप्पट वयाच्या माल्टशेजारी बसू शकते. वय हा आकडा त्या त्या हवामानातच वाचायचा असतो.

वयाचा नियम मात्र फार सोपा आणि फार कडक आहे. बाटलीवरचं वय हे आतल्या सगळ्यात तरुण घटकाचं वय. ९९९ लिटर २१ वर्षांच्या व्हिस्कीत १ लिटर ३ वर्षांची पडली तर लेबलवर ३ लिहायचं, नाहीतर काहीच लिहायचं नाही. सरासरी काढायची नाही. मग तुमच्या १२ वर्षांच्या बाटलीत रमचा एक घोट पडला की तिचं वय किती? त्या रमला वय नसेल तर शून्य. द्रव्य बिघडलं असं नाही, १२ हा आकडा सांगायचा हक्क गेला.

आता खरी गुंतागुंतीची जागा. न्यूट्रल न घालता दुसरी मुरलेली, चवीची दारू घातली तर? रम, ब्रँडी, शेरी यांना स्वतःची चव आहे, त्या पातळ करत नाहीत, भर घालतात. आणि व्हिस्कीवाले शतकभर हेच आडवाटेने करत आले आहेत. शेरी ठेवलेल्या पिंपाच्या लाकडात काही लिटर शेरी जिरलेली असते. त्यात व्हिस्की भरली की ती शेरी हळूहळू व्हिस्कीत उतरते. बाटलीत ओतली तर बेकायदा, लाकडातून आली तर 'शेरी कास्क' म्हणून जास्त किंमत. एके काळी पॅक्सारेट नावाची दाट गोड वाइन दाबाने पिंपाच्या लाकडात मारत असत, पुढे ते बंद झालं. २०१९ मध्ये स्कॉचच्या नियमात सवलत आली आणि टकिलासारख्या दारूची वापरलेली पिंपंही चालू लागली. ही रेषा थोडी मानलेली आहे, हे या धंद्यातला प्रामाणिक माणूस कबूल करेल. तरी मी तिच्या बाजूचा आहे. लाकडातून येणारं मोजकंच येतं, हवा आणि वेळ यांच्याबरोबर येतं, आणि बादलीने वाढवता येत नाही. थेट ओतायची मुभा दिली की आठवडाभरात कोणीतरी ६ महिन्यांच्या कच्च्या स्पिरिटात शेरी ओतून '१२ वर्षांसारखी' विकायला काढेल. ते अडवायला ही रेषा हवीच.

लपवून मिसळलं तर पकडता येतं का? बऱ्यापैकी. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वरच्या अल्कोहोलचं प्रमाण बघतात. माल्टच्या मानाने ते फारच खाली असेल तर ईएनए आलंय. वयासाठी ओकमधले पदार्थ मोजतात. पिंपात मुरलेल्या दारूत सिरिंगाल्डिहाइड सहसा व्हॅनिलिनपेक्षा जास्त असतं. बाजारातलं व्हॅनिला टाकून वय 'लावलं' तर हे गुणोत्तर उलटं पडतं आणि चोरी उघडी पडते. तिसरी चाचणी कार्बनची. ऊस आणि मका सूर्यप्रकाश पचवतात ती पद्धत एक, बार्ली-तांदूळ-गव्हाची दुसरी. त्यामुळे त्यांच्या अल्कोहोलमधलं जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. बार्लीच्या म्हणवणाऱ्या माल्टमध्ये उसाचं स्पिरिट असेल तर ते तिथे दिसतं. मक्याचं असेल तरी दिसतं, पण ऊस की मका हे सांगता येत नाही. आपल्या गुळात साखर घातली तर मात्र हीच चाचणी हात टेकते, कारण दोन्ही उसाचेच. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याला तिथे आपल्या जिभेवरच विसंबावं लागतं.

घरी यंत्र नसतं, पण लेबल असतं. 'सिंगल माल्ट', 'ब्लेंडेड माल्ट', 'ब्लेंडेड स्कॉच' यापैकी काही असेल तर नियम वर सांगितले ते. 'इंडियन व्हिस्की', 'ग्रेन न्यूट्रल स्पिरिट', 'स्कॉच माल्टसह', 'ॲडेड फ्लेवर' असं बारीक अक्षरात असेल तर ते जे आहे ते प्रामाणिकपणे सांगितलेलं आहे, फसवणूक नाही. फसवणूक असते ती भरलेल्या जुन्या बाटलीत. झाकणाची कडी तुटलेली, राज्य उत्पादन शुल्कचा शिक्का नीट न चिकटलेला, बॅच नंबर पुसट, आणि त्याच ब्रँडच्या दोन बाटल्यांत भरण्याची पातळी वेगळी. आंबोली नाहीतर गगनबावड्याच्या घाटाने आलेली 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'वाली बाटली असेल तर आतला माल खरा असला तरी इथे तो बेकायदा आहे, हे वेगळं.

आता तुमची बाटली. तुरटपणा बहुतेक ओकच्या टॅनिनचा आहे. ताज्या शेरी पिंपातल्या माल्टमध्ये तो असतोच. झोंबणं मात्र बऱ्याच वेळा अल्कोहोलचं असतं, आणि कोल्हापुरात एप्रिलमध्ये ३५-३६ अंशांच्या खोलीत व्हिस्की ओतली की वाफ आधी नाकात बसते, चव नंतर येते. म्हणून रमच्या आधी पाणी करून बघा. व्हिस्की १८-२० अंशांवर आणा, म्हणजे बाटली तेवढी गार होईपर्यंत फ्रिजच्या दारात. खोल, तोंड निमुळतं असलेल्या ग्लासात ३० मिली घ्या. ४३ टक्क्यांच्या व्हिस्कीत ५ मिली पाणी घातलं की ती ३७ वर येते, १० मिली घातलं की ३२ वर. आधी ५, दोन मिनिटं थांबा, वास घ्या, मग आणखी ५. पाणी कमी टीडीएसचं, म्हणजे कमी क्षारांचं. जड पाण्याने तुरटपणा वाढतो, आणि सोड्याने तर नक्कीच. वासासाठी आम्ही नमुना थेट २० टक्क्यांवर आणतो, तेवढ्यावर दोष लपत नाही.

तरी मऊ वाटली नाही तर मिसळून बघायला माझी ना नाही, पण बाटलीत नको. बाटलीत ओतलेलं परत काढता येत नाही. एका छोट्या काचेच्या बाटलीत ४५ मिली व्हिस्की घ्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजने (सुई काढून) १ मिली ब्रँडी घाला. हलवा, झाकण लावा, एक दिवस ठेवा. ताजं मिश्रण खोटं बोलतं. दुसऱ्या दिवशी साध्या व्हिस्कीशेजारी ठेवून प्या. कमी वाटलं तर २ मिली, मग ३. ५ मिलीच्या पुढे व्हिस्की ऐकू येईनाशी होते. रमपेक्षा द्राक्षाची खरी ब्रँडी आधी वापरा. आपल्याकडच्या बऱ्याच गडद रममध्ये कॅरॅमल आणि व्हॅनिला इतका असतो की १ मिलीतही माल्टवर चढतो. लिकर (गोड सुवासिक दारू), सिरप, मध यांच्या वाटेला जाऊ नका, चिकट आणि गढूळ होतं.

बरेच जण उरलेल्या बाटल्यांचे तळ एकत्र करून 'कायमची बाटली' करतात. ती खुशाल करा. फक्त धूरवाली माल्ट शेवटी आणि विसाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर पुढची दोन वर्षं सगळ्यावर धूरच. बाटली अर्ध्याच्या खाली रिकामी ठेवू नका, हवेने ती सपाट होते. आणि काहीही झालं तरी त्यात बाहेरून आणलेलं सुटं स्पिरिट घालू नका. 'ओळखीच्याने ईएनए दिलंय' यातलं ईएनए खरंच पिण्याचं आहे की औद्योगिक, हे वासाने, चवीने किंवा निळी ज्योत बघून कळत नाही. मिथेनॉल तर इथेनॉलसारखंच वागतं. मुंबईच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती यानेच. आणि घरी मिसळलेली बाटली पैसे घेऊन कोणाला दिलीत तर ते विनापरवाना मद्यनिर्मितीत मोडतं.

मिश्रण जमलं तर त्या छोट्या बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा: 'माल्ट ४५, ब्रँडी ३, तारीख'. मोठी बाटली तशीच राहू द्या. पाहुणा आला आणि त्याने १२ वर्षांची मागितली, तर त्याला मोठीतून ओता आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. छोटीतलं तुमच्या पहिल्या मित्राला द्या, पट्टी न काढता.